बाह्यरुग्ण गटाला नियमित येणाऱ्या व्यसनी रुग्णांसाठी बक्षीस ठेवावे का?

बुधवारचा गट (इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार. इंदूरमध्ये परदेशीपुऱ्याजवळ एका न्यासाचे लहानसे व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि गेली सहा वर्षे मी तिथे समुपदेशनाचे काम करते. आमच्याकडे रुग्णाला भरती करून ठेवण्याची सोय नाही. दर बुधवारी संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञ येतात, रुग्ण तपासतात, औषधे लिहून देतात आणि त्यानंतर दीड तास गट बसतो. येणाऱ्यांमध्ये दारूचे रुग्ण सर्वांत जास्त आहेत. काही स्मॅकचे (भेसळीच्या हेरॉइनचे) आहेत, आणि मंदसौर-नीमचकडून कामासाठी इंदूरला आलेले दोघे-तिघे डोडाचुऱ्याचे, म्हणजे अफूच्या बोंडांच्या भुशाचे, आहेत.

आमची अडचण उपचारांपेक्षा हजेरीची अधिक आहे. नव्या गटात पहिल्या बुधवारी वीस नावे लिहिली जातात, दुसऱ्या बुधवारी चौदा-पंधरा जण येतात आणि चौथ्या बुधवारपर्यंत सहा-सात उरतात. मागच्या आठवड्यात मी वीस खुर्च्या गोलात मांडल्या होत्या आणि साडेसात वाजता त्यांतल्या तेरा उचलून पुन्हा भिंतीशी रचून ठेवल्या, कारण रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत बोलणे आलेल्यांना जड जात होते. जे गळतात त्यांतले बहुतेक जण पुन्हा पिऊ लागलेले असतात हे आम्हाला ठाऊक आहे. मात्र ते पिऊ लागले म्हणून येत नाहीत, की यायचे थांबले म्हणून पिऊ लागले, हे प्रत्येकाच्या बाबतीत सांगता येत नाही.

एका गृहस्थांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ केंद्राला 18,000 रुपये दिले आहेत आणि ते रुग्णांसाठीच खर्च व्हावेत अशी त्यांची इच्छा आहे. या पैशातून नियमित येणाऱ्यांना काही बक्षीस द्यावे असे माझ्या मनात आहे. परदेशात अशी पद्धत रूढ आहे एवढे मी वाचले आहे. आमच्या समितीत मात्र यावर मतभेद झाला. माणसाने स्वतःच्या भल्यासाठी यावे, त्याला आमिष कशाला, असे एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे आणि मला ते उडवून लावता येत नाही. बक्षीस द्यायचे ठरले तर ते नुसते येण्यासाठी द्यावे की न पिण्यासाठी, रोख द्यावे की वस्तुरूपात, आणि मधेच कोणी घसरला तर त्याचे काय करावे, याविषयी ज्यांना अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

मानसोपचार (जुनी इंदूर) यांचे उत्तर

ताई, आपण विचारलेली पद्धत व्यसनांच्या उपचारात सर्वांत चांगल्या तपासलेल्या पद्धतींपैकी एक आहे, आणि आपल्याकडे ती फार कमी वापरली जाते याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून थोडे लांबवर लिहितो.

अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठातील स्टीफन हिगिन्स यांनी 1990च्या सुमारास कोकेनच्या रुग्णांवर हा प्रयोग सुरू केला. लघवीच्या तपासणीत कोकेन आढळले नाही की रुग्णाच्या नावावर ठरावीक किमतीचे व्हाउचर जमा होई, पुढची तपासणी स्वच्छ निघाली की त्याची किंमत वाढे आणि एकदा जरी खंड पडला तरी ती पुन्हा पहिल्या पायरीवर येई. त्यांच्या 1994 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 40 रुग्ण होते. ज्यांना व्हाउचर मिळत होते त्यांतले 75 टक्के 24 आठवड्यांचा उपचार पूर्ण करू शकले, तर तेच समुपदेशन व्हाउचरविना मिळालेल्यांपैकी 40 टक्केच शेवटपर्यंत टिकले. आपला प्रश्न टिकण्याचा आहे, म्हणून हे आकडे मुद्दाम सांगितले.

व्हाउचरची ही पद्धत महाग पडते. त्यावर उपाय म्हणून कनेटिकटमधील नॅन्सी पेट्री यांनी चिठ्ठ्यांची बरणी वापरायला सुरुवात केली; ठरलेले वर्तन घडले की रुग्णाने बरणीतून चिठ्ठी काढायची आणि तिच्यावर लिहिलेले बक्षीस घ्यायचे. त्यांच्या 2000 सालच्या अभ्यासात दारूचे 42 रुग्ण होते. चिठ्ठी काढायला मिळणाऱ्यांपैकी 84 टक्के आठ आठवडे टिकले आणि नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपैकी 22 टक्के. पुढे आठ दवाखान्यांत 415 रुग्णांवर जो मोठा प्रयोग झाला, त्याच्या बरणीत 500 चिठ्ठ्या होत्या. निम्म्यांवर नुसतेच ‘शाबास’ लिहिलेले होते, 209 चिठ्ठ्यांवर डॉलरभर किमतीची लहान वस्तू होती, 40 वर वीस डॉलरपर्यंतची मोठी वस्तू आणि एकाच चिठ्ठीवर ऐंशी ते शंभर डॉलरचे मोठे बक्षीस होते. बारा आठवड्यांच्या शेवटी चिठ्ठीवाल्या गटातले 49 टक्के आणि दुसऱ्या गटातले 35 टक्के रुग्ण उपचारात होते. फरक पहिल्या अभ्यासाइतका डोळ्यांत भरणारा नाही, पण तो साध्या, गर्दीच्या दवाखान्यांत मिळालेला आहे आणि म्हणून मला तो अधिक भरवशाचा वाटतो. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 2011पासून ही पद्धत स्वीकारली, आणि कॅलिफोर्निया राज्याने 2023 साली सरकारी आरोग्य योजनेतून, वर्षाला जास्तीत जास्त 599 डॉलर या मर्यादेत, ती सुरू केली.

आता आपला मुख्य प्रश्न, येण्यासाठी की न पिण्यासाठी. यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. ज्या वर्तनाला आपण बक्षीस बांधतो तेच वर्तन वाढते, शेजारचे आपोआप वाढत नाही. चेन्नईत इंजेक्शनने नशा करणाऱ्या आणि एचआयव्हीची लागण झालेल्या 120 जणांवर झालेल्या अभ्यासात दवाखान्यात येण्याला आणि औषध सुरू करण्याला व्हाउचर जोडले होते. व्हाउचर मिळणाऱ्या गटात 45 टक्के जणांनी औषध सुरू केले आणि न मिळणाऱ्या गटात 27 टक्के जणांनी, परंतु रक्तातील विषाणू आटोक्यात येण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तेव्हा हजेरीला बक्षीस दिल्याने हजेरी वाढेल. दारू सुटण्यासाठी औषध, गट आणि घरच्यांची साथ या गोष्टी आपल्याला त्या भरलेल्या खोलीत घडवाव्या लागतील.

तरीही आपल्या केंद्रासाठी मी हजेरीलाच बक्षीस द्या असे सांगेन. त्याचे एक कारण सोयीचे आहे. न पिण्याला बक्षीस द्यायचे तर ते तपासावे लागते, त्यासाठी श्वासातील दारू मोजणारे यंत्र, लघवीच्या तपासणीच्या पट्ट्या आणि आठवड्यातून दोन-तीन भेटी लागतात. चेन्नईतच सायकलरिक्षा चालवणाऱ्या 229 जणांवर श्वासयंत्र वापरून असा प्रयोग झाला होता. दिवसा न पिता येणाऱ्यांना पैसे मिळत. त्यांचे दिवसाचे पिणे कमी झाले आणि बचत जवळजवळ निम्म्याने वाढली. पण तिथे ते लोक रोज येत होते. आठवड्यातून एकदाच्या भेटीत श्वासयंत्र फक्त त्या संध्याकाळचे सांगेल.

दुसरे कारण वैद्यकीय आहे आणि ते अधिक गंभीर आहे. रोज सकाळपासून पिणारा माणूस बक्षिसाच्या ओढीने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू थांबवू शकतो, आणि अशा माणसाला पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतू शकते. हजेरीला बक्षीस असेल तर तो धोका आपण ओढवून घेत नाही. उलट तो माणूस पीत असतानाच आपल्यासमोर येतो आणि त्याची दारू औषधांच्या आधाराने उतरवता येते.

बरणीचा हिशेब मी असा मांडेन. 100 चिठ्ठ्या करा. 50 वर ‘शाबास’, 40 वर वीस रुपयांपर्यंतची वस्तू, 9 वर दीडशेची आणि एका चिठ्ठीवर सातशेची. बरणीतली एकूण किंमत 2,850 रुपये होते, म्हणजे एका चिठ्ठीची सरासरी साडेअठ्ठावीस रुपये. काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत बरणीत टाकायची. पहिल्या बुधवारी एक चिठ्ठी, सलग दुसऱ्याला दोन, तिसऱ्यापासून पुढे तीन. न कळवता खंड पडला तर पुन्हा एकपासून सुरुवात, आणि आधी कळवून दांडी झाली तर क्रम तसाच चालू. बारा आठवडे एकही बुधवार न चुकवणाऱ्याला 33 चिठ्ठ्या मिळतात आणि त्यांचा खर्च साधारण 940 रुपये होतो. वीसही जणांनी असे केले तरच रक्कम 18,810 वर जाईल. तसे होणार नाही, म्हणून आपले 18,000 पुरतात.

रक्कम लहान आहे हे मात्र मी लपवत नाही. वर सांगितलेल्या 415 जणांच्या प्रयोगात दर रुग्णामागे सरासरी 203 डॉलरची बक्षिसे गेली होती, आणि बक्षीस फार लहान केले की परिणामही विरतो. म्हणून रक्कम थोडी असल्यावर तिचा उरलेला गुण तरी सांभाळायला हवा. वस्तू त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत, हातात पडली पाहिजे. ‘महिनाअखेर देऊ’ म्हटले की निम्मा परिणाम गेला असे समजा, कारण व्यसनाने माणसाचा उद्यावरचा विश्वासच आधी पोखरलेला असतो. बक्षिसांचे कपाट रुग्णांना दिसेल असे ठेवा, आणि एकदा सांगितलेला नियम बारा आठवडे बदलू नका.

आमिषाच्या आक्षेपाबद्दल एवढेच सांगतो की आपल्या देशाने हा मार्ग इतर आजारांत कधीच स्वीकारला आहे. क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी 2018पासून महिना 500 रुपये मिळत आले आणि नोव्हेंबर 2024पासून ते 1,000 झाले. उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत बाळाच्या प्रत्येक लसीमागे आईला किलोभर डाळ आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला गेला, तेव्हा पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण 39 टक्क्यांवर गेले. नुसती नियमित शिबिरे भरली तिथे ते 18 टक्के होते आणि काहीच केले नाही तिथे 6 टक्के. त्या आईला आपल्या बाळाचे भले नको होते असे कोणी म्हणत नाही. मग दारूच्या रुग्णालाच तेवढा वेगळा न्याय का लावावा?

रामबागेतून यांचे उत्तर

डॉक्टरांनी आकड्यांनी सांगितले, मी घरातून सांगते. माझे यजमान चार वर्षांपूर्वी इंदूरच्याच एका केंद्रात पाठपुराव्याला जात होते. तिथे चिठ्ठ्या वगैरे नव्हत्या. सलग चार आठवडे आलेल्याला किराण्याची एक पिशवी देत. तोपर्यंत मी त्यांना प्रत्येक वेळी हाताला धरून नेत होते आणि ते माझ्यावर उपकार केल्यासारखे येत होते.

पिशवी मिळाली त्या दिवशी मी सोबत नव्हते. ते रात्री घरी आले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी ओट्यावर एकेक वस्तू काढून ठेवली. सोयाबीन तेलाची पिशवी, साखर, चहापूड आणि पोह्यांचे पाकीट. धाकटीने विचारले, ‘बाबा, तुम्ही आणलं?’ आणि ते ‘हो’ म्हणाले. आमच्या घरात कित्येक महिन्यांत वस्तू बाहेरच जात होत्या. भांडी गेली होती, मुलीची सायकल गेली होती. त्या रात्री पहिल्यांदा काहीतरी आत आले. त्यानंतर मला त्यांना धरून न्यावे लागले नाही असे मी म्हणणार नाही, दोनदा मधे सुटलेही, पण बुधवार लक्षात ठेवण्याचे काम तेव्हापासून त्यांनी स्वतःकडे घेतले.

त्यामुळे माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की रोख पैसे देऊ नका, मोबाइलचे रिचार्जही देऊ नका. रिचार्ज दुसऱ्याच्या नंबरवर मारून त्याच्याकडून पैसे घेता येतात, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. वस्तू द्या, आणि वस्तूंची पाकिटे शक्य तर फोडून किंवा वर केंद्राचा शिक्का मारून द्या, म्हणजे दुकानदार परत घेणार नाही. बक्षीस बायकोच्या हातात द्यावे असे आमच्या ओळखीतल्या काही जणी म्हणतात. त्यांचा अनुभव तसा असेल, पण मला ते पटत नाही. त्यांच्या हाताने ते घरी यायला हवे.

नऊ वर्षे (इंदूर) यांचे उत्तर

मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि मला दारू सोडून नऊ वर्षे झाली. समितीतल्या ज्या ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप ताईंनी लिहिला आहे, त्यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, म्हणून त्यांची बाजू मांडतो.

मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या मंडळाच्या, सभांना जातो. तिथे कोणी काही देत नाही; चहाचा खर्चसुद्धा आम्हीच टोपी फिरवून काढतो. मला वाचवले ते माझ्यासारख्याच माणसांनी. ज्याला वस्तूसाठी येण्याची सवय लागली तो वस्तू बंद झाल्यावर का येईल, हा प्रश्न डॉक्टरांच्या उत्तरात मला सुटलेला दिसला नाही.

दुसरे असे की ताईंच्या गटातले लोक का येत नाहीत हे आधी त्यांनाच विचारले पाहिजे. माझा पहिला उपचार एका मोठ्या रुग्णालयात सुरू झाला होता, आणि तिथून मी तिसऱ्या भेटीनंतर पळालो, ते दारूच्या ओढीने नव्हे. सकाळी आठला रांगेत उभे राहायचे, बाराच्या पुढे नंबर लागायचा, दोन मिनिटांत कागदावर तीच औषधे लिहून मिळायची आणि औषधांच्या खिडकीवर सांगितले जायचे की एक गोळी आज नाही, पुढच्या आठवड्यात पाहा. माझी नोकरी पक्की होती म्हणून माझी फक्त रजा गेली. माझ्यामागे उभा असणारा रंगकाम करणारा माणूस दर वेळी दिवसाची मजुरी बुडवून येत होता. त्याला वीस रुपयांचा साबण देऊन आपण काय भरून काढणार? ताईंचा गट संध्याकाळी बसतो हे चांगले आहे. पण बुधवारी डॉक्टर किती वाजता येतात, रुग्ण किती वेळ बाहेर बाकावर बसतात आणि सात वाजता सुटणाऱ्या कामगाराला साडेसातला परदेशीपुऱ्यात पोचता येते का, हे पाहिल्याशिवाय बरणी आणू नये असे मला वाटते.

आणि तिसरे, जे मला लिहायला जड जाते. दारूच्या जोडीला मला सट्ट्याचाही नाद होता. चिठ्ठी काढण्याच्या क्षणी छातीत जे होते ते मी ओळखतो. तसे काही मला उपचाराच्या खोलीत नको आहे.

मानसोपचार (जुनी इंदूर) यांचे उत्तर

काका, आपल्या दुसऱ्या मुद्द्याला मी विनाअट मान देतो. बक्षीस हा प्रतीक्षेवरचा आणि बुडालेल्या मजुरीवरचा इलाज नाही. बाकावर दोन तास बसवून वर चिठ्ठी देणे म्हणजे आपली चूक रुग्णाच्या खात्यावर मांडणे होय. आदल्या दिवशी एक फोन, वेळेवर सुरू होणारी तपासणी आणि आठवड्यात बुधवारशिवाय रविवार सकाळचा एक पर्याय, एवढे केले तरी काही खुर्च्या भरतील, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

सट्ट्याविषयीची आपली शंका पेट्री यांनी स्वतः तपासली होती, कारण जुगाराचे व्यसन हा त्यांच्या अभ्यासाचा दुसरा विषय होता. चिठ्ठ्या काढणाऱ्यांचा जुगार वाढल्याचे त्यांना आढळले नाही. या पद्धतीत रुग्ण स्वतःचे काहीच पणाला लावत नाही, हा फरक महत्त्वाचा आहे. तरीसुद्धा ज्याला सट्ट्याचा नाद होता किंवा आहे, त्याला मी बरणीपुढे उभे करणार नाही. त्याला हजेरीचे कार्ड द्यावे, प्रत्येक बुधवारी त्यावर शिक्का मारावा आणि ठरावीक शिक्क्यांना ठरावीक वस्तू द्यावी. खर्च तेवढाच ठेवता येतो आणि नशिबाचा भाग उरत नाही. पहिल्या मुलाखतीत सट्टा, मटका, मोबाइलवरचे पैशांचे खेळ यांविषयी सर्वांनाच विचारावे म्हणजे कोणाला काय द्यायचे ते आधी ठरेल.

बक्षीस बंद झाल्यावर काय, याचे उत्तर द्यायचे राहिले हे खरे. बक्षीस थांबले की परिणाम उतरतो, सगळा जात नाही पण उतरतो. माझ्या मते बक्षिसाचे काम पहिल्या बारा आठवड्यांचे आहे, कारण औषधे बसायला, झोप परतायला, भूक लागायला आणि गटात एखाद्याशी मैत्र जुळायला तेवढाच काळ लागतो. आपण म्हणता त्या सभांमध्येही आपल्यासारख्या माणसांशी ओळख व्हायला आधी तिथे पुन्हा पुन्हा जावे लागलेच ना? आपल्याला तेवढे जाता आले. ताईंच्या गटातले तेरा जण तिथवर पोचण्याआधीच गळले. ते पोचावेत एवढ्यासाठी ही बरणी आहे. बारा आठवडे झालेल्यांना आपल्या सभेत घेऊन जाण्याची जबाबदारी आपण घ्याल का?

वडोदऱ्याहून यांचे उत्तर

मी वडोदऱ्यात एका संस्थेत सामाजिक कार्यकर्ती आहे. आमच्या राज्यात दारूबंदी असल्यामुळे इथल्या अडचणीला आणखी एक पदर आहे. आमच्याकडे येणारा रुग्ण नाव सांगतानाच दचकतो, कारण पिण्याची कबुली दिली तर पुढे काय होईल याची त्याला खात्री नसते. म्हणून गाजावाजा होईल असे कोणतेही बक्षीस आम्हाला चालत नाही. टाळ्या, फोटो, फलकावर नाव, देणगीदारांच्या हस्ते वाटप, यांतले काहीही नको. इंदुरात कायदा वेगळा आहे, पण लाज तीच आहे. देणगीदारांना वाटप पाहायची इच्छा झाली तर त्यांना नम्रपणे नाही म्हणावे, आणि हिशेब दाखवताना नावांऐवजी नोंदणी क्रमांक दाखवावेत.

गटासाठी एक स्वस्त पर्यायही सुचवते, जो पेट्री यांच्याच कामातून आला आहे. प्रत्येकाला चिठ्ठी काढू देण्याऐवजी आलेल्यांची नावे, आमच्यासारख्यांनी क्रमांक, टोपीत टाकायचे. पहिल्या वेळी एकदा, सलग दुसऱ्या वेळी दोनदा, तिसऱ्या वेळी तीनदा, आणि गटाच्या शेवटी दोन-तीन चिठ्ठ्या काढायच्या. यात किती बक्षिसे जाणार हे आधीच ठरलेले असते, त्यामुळे खर्च हाताबाहेर जात नाही. उणीव अशी की तीन आठवडे नेमाने येऊनही एखाद्याचे नाव निघत नाही, आणि आधीच खचलेल्या माणसाला ते लागते. आपल्याकडे 18,000 रुपये आहेत, तर पहिल्या गटासाठी मी डॉक्टरांची बरणीच निवडेन.

बुधवारचा गट (इंदूर) यांचे उत्तर

सर्वांची मी ऋणी आहे. काकांचे वाचून मी काल गळालेल्या तेरा जणांना फोन लावले. नऊ जण बोलले. त्यांतल्या चौघांनी वेळेचेच कारण सांगितले. डॉक्टर सहाला येतात, पण औषधाची चिठ्ठी मिळेपर्यंत साडेसात होतात, मग गट, आणि घरी पोचायला साडेनऊ-दहा. दोघे म्हणाले की पुन्हा घेतल्यामुळे तोंड दाखवायची लाज वाटली. एकाची नोकरी पिथमपूरच्या कारखान्यात लागली आहे आणि त्याची बुधवारी रात्रपाळी असते. उरलेल्या दोघांनी नीट कारण सांगितले नाही. न्यासाने रविवारी सकाळी नऊचा दुसरा गट मान्य केला आहे, आणि बुधवारी आधी गट व मग औषधे असा क्रम आम्ही उलटा करणार आहोत. समितीतील ज्येष्ठ सदस्यांनी एका गटापुरती, बारा आठवड्यांची संमती दिली आहे. वस्तूंची खरेदी ते स्वतः करणार आहेत.

लाज वाटली म्हणणाऱ्या दोघांवरून एक प्रश्न उरतो. गटाचा नियम असा आहे की पिऊन आलेल्याने गटात बसू नये. तो पिऊन का होईना, पण आला. त्याची हजेरी धरायची का, आणि त्याचा क्रम तुटला असे समजायचे का?

मानसोपचार (जुनी इंदूर) यांचे उत्तर

त्या संध्याकाळी चिठ्ठी देऊ नये, कारण गटात बसणे हे ठरलेले वर्तन घडलेले नाही आणि नियम सर्वांसमोर एकच हवा. पण क्रमही तोडू नये. तो जिथे होता तिथेच थांबवून ठेवावा. म्हणजे ज्याच्या तीन चिठ्ठ्या होत होत्या तो पुढच्या बुधवारी न पिता आला तर पुन्हा तीनच काढेल. हे त्याला त्याच वेळी तोंडी सांगावे आणि कार्डावर लिहूनही द्यावे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोललेले आठवेलच असे नाही.

गटात बसू नये याचा अर्थ दारातून परत पाठवावे असाही नाही. शेजारच्या खोलीत बसवा, पाणी द्या, डॉक्टर त्याला आधी पाहतील असे करा. हात थरथरत असतील, घाम फुटला असेल, किंवा आधी कधी झटका आलेला असेल तर त्या रात्रीच रुग्णालयात पाठवण्याचा निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागेल, म्हणून त्याच्यासोबत कोण आहे हे विचारून ठेवा. कोणीच नसेल तर घरी फोन करा. आणि रात्री-अपरात्री घरच्यांना विचारायला कोणी नसते, तेव्हा व्यसनमुक्तीची सरकारी मदतवाहिनी 14446 आणि मानसिक आरोग्याची 14416 हे दोन्ही क्रमांक त्या हजेरीच्या कार्डाच्या मागे छापून घ्या.

नऊ वर्षे (इंदूर) यांचे उत्तर

डॉक्टर, आपण मला विचारले होते. बारा आठवडे पूर्ण करणाऱ्यांना मी माझ्यासोबत सभेला नेईन, आणि ताईंची हरकत नसेल तर त्याआधीही, रविवारच्या गटाला सकाळी नऊला दाराशी उभा राहायला येईन. बरणीच्या खोलीत मी जाणार नाही. पण जे फोनवर लाज वाटली असे म्हणाले, त्या दोघांना आत जाण्याआधी दाराबाहेर कोणीतरी भेटलेले बरे. त्यांना सांगा की मी स्वतः चार वेळा परत गेलो होतो.